तयेच्या दिवशी उघडलेलं ओजें

माटोळी अजून उतरवलेली नाही. गणपती कधीच गेला, पण देवखोलीच्या छताला ती फळापानांची लाकडी चौकट तशीच टांगलेली आहे. चिबूड फुटून खाली आला, आंबाडे सुरकुतले, शेरवडाची पांढरी पानं तपकिरी होऊन गळाली. केरीला आमच्या घरावरून हल्ली मोप्याची विमानं जातात. एखादं खालून गेलं की वाळलेल्या घागऱ्यांच्या शेंगा थरथरतात आणि आतल्या बिया वाजतात. सून म्हणते, "बाबा, ती आतां न्हंयत सोडूया." मी म्हणतो, लेख होऊ दे.

लेख मागितला होता तो दुसरीकडून. डिचोली तालुक्यातला एक वाडा आहे. खाणीच्या जुन्या रस्त्याला लागून असलेला, पावसात गुडघ्यापर्यंत तांबडा होणारा. माझी धाकटी बहीण कुसुम तिथे दिलेली. त्या वाड्याच्या मंडळाची स्मरणिका निघायची होती. 'ओज्याची परंपरा : उगम आणि स्वरूप' असा विषय त्यांनी ठरवून दिला. फोन सदानंदाचा होता. सदानंद म्हणजे कुसुमचा धाकटा दीर आणि मंडळाचा अध्यक्ष. "मास्तर, तुमच्याइतकें कोण बरें बरयतलो? आदीं तुमीच बरयल्लें मरे!" मी लिहितो म्हटलं. तो खूश झाला. तो खूश झाला याचा मला जो आनंद झाला, तो चांगल्या माणसाला होणारा आनंद नव्हता.

ते हे छापणार नाहीत. म्हणून इथे देतो.

ज्यांना ओजें ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुलीच्या माहेरून सासरी जी भेट जाते ती म्हणजे ओजें. वेताच्या पाटीत नेवऱ्या (घाटावर करंज्या म्हणतात त्या), लाडू, चकल्या, गुळाचं खाजें, केळ्यांचा घड, शेंडी राखलेले नारळ. वरून लाल कापड. सासरच्या शेजारणी जमतात, कापड उचललं जातं, नेवरीच्या कडेची मुरड बोटांनी तपासली जाते, आणि मग वाड्यावर घरोघर वाटणी जाते. माहेर किती मायेचं ते जिभेवर ठरतं.

याचा उगम विचाराल, तर प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. आमची आजी सांगायची की गौर माहेराहून निघाली तेव्हा आईला रिकाम्या हाताने पाठववेना, ते पहिलं ओजें. गावच्या भटजींच्या मते हे नव्या भाताच्या आशेने केलेलं दान. मोरजीचा एक मित्र म्हणायचा, "कसलें दान आनी कसलें किदें! चलयेक सासरीं पोटभर जेवपाक मेळटा काय ना तें पळोवपाक भाव वता, तेच्या हातांत धरपाक कितें तरी जाय मगे." मला ही तिसरी गोष्ट सर्वांत खरी वाटते. मुलगी पोटभर जेवते का ते भाऊ बघायला जातो. मीही गेलो होतो. आणि बघितलंही.

बाकी प्रथांचे उगम मला माहीत नाहीत. एका प्रथेचा मात्र पक्का माहीत आहे, कारण तो उगम मी आहे.

त्या वाड्यावर आज काय चालतं ते आधी सांगतो, म्हणजे ते किती सुंदर दिसतं हे तुम्हांला कळेल. तयेच्या आदल्या दिवशी, म्हणजे हरितालिकेच्या उपवासाच्या एक दिवस आधी, नव्या सुनेचं ओजें येतं. ते घरात नेत नाहीत. अंगणात तुळशीपुढे रांगोळी घालून पाटी ठेवतात, सगळा वाडा जमतो, आणि पाटीतल्या प्रत्येक जिनसाचा पहिला घास नव्या सुनेला देतात. सासूच्याही आधी. सून लाजते, बायका हसतात, फोटो निघतात. 'सुनेचा पहिला घास' असा फलक लागतो. बाहेरून माणसं बघायला येतात आणि म्हणतात, गोव्यात बाईला काय मान आहे हो! या मानाचे जनक म्हणून कुसुमचे सासरे, कैलासवासी आबा, यांची तसबीर त्या फलकाशेजारी हार घालून ठेवतात.

त्या तसबिरीतला चेहरा मी पुष्कळ वर्षं डोळे मिटल्यावरही पाहिला आहे.

गोवा घटक राज्य झालं, त्यानंतरची ती पहिली चवथ. भाषेचा वाद नुकता निवला होता, म्हणजे वरून निवला होता. भिंतींवरची अक्षरं पावसाने अर्धी धुतली होती. कुठे 'मराठी' उरलं होतं, कुठे 'कोंकणी', आणि जिंदाबाद सगळीकडे सारखं वाहून गेलं होतं. मी पेडण्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. घरी बोलत होतो ती आमची पेडण्याची बोली, आणि लिहीत होतो मराठी. यात काही खोटं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही. पण या दोन्हींच्या मधली जागा खोटं लपवायला फार सोयीची असते, एवढं मी शिकलो.

कुसुमचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. आईने ओजें करायला घेतलं तेव्हा घराला आठवडाभर तुपाचा आणि खोबऱ्याचा वास होता. शेजारच्या बायका नेवऱ्या मुरडायला येत आणि माझी चेष्टा करीत. "मास्तर, पाटी माथ्यार घेवन वतलो मरे? काय काखेंत पुस्तक मारून?" मी डोक्यावरच घेतली. चोपड्याला फेरीवर चढलो तेव्हा शापोरा नदी गढूळ आणि भरलेली होती, डिझेलचा वास आणि नेवऱ्यांचा वास एकात एक मिसळले होते. फेरीवर एक म्हातारा मासेवाला होता. तो म्हणाला, "आतां राज्य जालें न्हय, पूल केन्ना?" दुसरा म्हणाला, "पयलीं भास जावंदी, मागीर पूल." सगळे हसले. माझ्या पाटीकडे बघून मासेवाल्याने आपली टोपली पायाने लांब सरकवली. ओज्याला माशाचं पाणी लागू नये म्हणून. अनोळखी माणसाने केलेला तो मान मला आठवतो, कारण त्या दिवशीचा तो शेवटचा.

शिवोलीहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली. खाणी पावसाळ्यासाठी बंद होत्या, ट्रक रांगेने चिखलात उभे. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ती तय होती. आदला दिवस नव्हे. तयच. आमच्याकडे ओजें तयेला पोचायची पद्धत होती. सगळ्या बायका उपाशी, पाण्याचा थेंबही नाही, आणि समोर भरलेली पाटी. कोणी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी गणपतीपुढे ठेवून मग वाटायची. त्यातली गंमत तीच होती.

कुसुम सोप्यावर आली. ओठ सुकलेले, डोळे मात्र हसरे. तिचा पहिला उपवास. "दादा, आवयन खाजें केलां?" एवढंच तिने विचारलं.

मी पाटी घेऊन उंबऱ्याकडे वळलो आणि आबा आडवे आले. आबा खाणीवर मुकादमांचे मुकादम होते. सभांत बोलायचे, अंधश्रद्धेवर बोलायचे, टाळ्या घ्यायचे. ते म्हणाले, "मास्तर, पाटी हांगाच दवरात. तुळशीकडेन."

मला वाटलं, काही विधी असेल. ठेवली. शेजारणी जमल्या. कुसुमची सासू दारात कदेल टाकून बसली होती. कुसुमच्या लग्नापासून तिचं पोट बिघडलेलं होतं, अन्न ठरत नव्हतं. आबांनी स्वतः कापड काढलं आणि म्हणाले, "कुसूम, तूं आदीं खा. दर एका जिनसाचें एक."

कुसुमला वाटलं ते थट्टा करताहेत. "आबा, आज तय न्हय? माजो उपास आसा."

"आमच्या वाड्यार पद्धत आसा. सुनेन आदीं खावप."

जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. अशी पद्धत नव्हती, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. शेवटी सासूनेच ते फोडलं. "पद्धत कसली सांगतात? त्या घाड्यान सांगलां तें सांगात सरळ. न्हंयपलतडच्या घरांतल्यान येतलें तें आदीं हाडटल्याक खावंक घालचें म्हणून."

म्हणजे असं होतं. गावच्या घाड्याने, देवऋष्याने, कौल लावून सांगितलं होतं की सासूच्या पोटात जे गेलं ते नदीपलीकडून आलं. पेडण्याहून. आमच्या घरून. माझ्या आईने आठवडाभर मुरडलेल्या नेवऱ्यांत विष आहे की करणी, ते माझ्या उपाशी बहिणीच्या तोंडात घालून बघायचं होतं. घाड्याचा शब्द खरं तर आणणाऱ्यासाठी होता, आणि पाटी मी आणली होती. आणि सभांत टाळ्या घेणाऱ्या माणसाला घाड्याचं नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून त्याने उभ्या उभ्या एक परंपरा तयार केली.

कुसुमने नवऱ्याकडे बघितलं. प्रभाकर खांबाला टेकून खाली बघत होता. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी शिक्षक होतो. फळ्यापुढे माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. त्या अंगणात मी पाटीच्या काठावरची सुटलेली वेताची काडी आत खोचत राहिलो.

तिने खाल्लं. नेवरी, लाडू, चकली, खाजें, केळं. कोरड्या तोंडात पीठ अडकत होतं, तरी तिने पाणी मागितलं नाही. सदानंद तेव्हा कॉलेजात जाणारा, तो जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बघत होता आणि मित्राला काहीतरी सांगून हसला. ते हसणं मी ठेवून दिलं. माणसं सोनं ठेवतात तसं ठेवून दिलं.

परतताना मला एकच काळजी होती: हे पसरेल. तालुक्यात म्हणतील, पेडण्याच्या त्या घरचं ओजें अंगणात तपासून घेतलं. आईच्या कानावर जाईल. म्हणून मी लेखणी घेतली. एका मराठी दैनिकात मी मधूनमधून लिहीत असे, त्यात लिहिलं की डिचोलीच्या एका वाड्यावर सुनेला पहिला घास देण्याची हृद्य पद्धत आहे, आणि एका पुरोगामी सासऱ्याने ती कशी प्रेमाने पाळली. मजकूर चांगला उतरला. फक्त उपवासाचं काय करायचं, ते जमेना. उपाशी बाईला खायला घालणं हृद्य दिसत नव्हतं. म्हणून मी दिवस बदलला. 'तयेच्या आदल्या दिवशी' असं लिहिलं. जे घडलं ते बोलीत घडलं होतं; मराठीत आणताना मी ते धुऊन, वाळवून, घडी घालून आणलं.

आबांना तो लेख अतिशय आवडला. आपण काय केलं ते त्यांना माझ्यामुळे कळलं. पुढच्या चवथीला शेजारच्या घरी नवी सून आली तेव्हा त्यांनी कात्रण दाखवलं आणि तिथेही ओजें अंगणात उघडलं. तयेच्या आदल्या दिवशी, लेखात होतं तसं. मग तिसऱ्या घरी. काही वर्षांनी तर त्या वाड्यावर जन्मलेली मुलंसुद्धा म्हणायला लागली की आमच्याकडे पूर्वापार असंच चालतं.

कुसुमचा मुलगा चार वर्षांचा असताना प्रभाकर गेला. खाणीचा ट्रक वळणावर उलटला. तेराव्यालाच सासू कुसुमला म्हणाली, "पयल्याच वर्सा तयेचो उपास मोडलो तुवें. घोवाक खालो." कुसुम म्हणाली, "तुमीच मोडूंक लायलो, सगळ्यांमुखार." तेव्हा आबांनी कपाटातून माझा लेख काढला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. आदला दिवस. तुझ्याच भावाने लिहिलंय. म्हणजे त्या दिवशी उपवास नव्हताच. मोडला असशील तर तूच दुसऱ्या दिवशी चोरून मोडलास.

हे मला तिने सांगितलं नाही. आबांनीच सांगितलं, फार हळहळून, सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय अशा काळजीने.

त्यानंतर दर चवथीला शेरवडाची पानं पांढरी झाली की माझ्या मनात सूड उगवायचा. मी तो नाना तऱ्हांनी करून बघायचो. भर सभेत उठायचं आणि घाड्याचं नाव घ्यायचं. आबांच्या षष्ट्यब्दीला जायचं आणि त्यांच्या नातेवाइकांपुढे त्यांना म्हणायचं, आदीं तुमी खावात. यातलं काहीच मी केलं नाही. आबा गेले तेव्हा स्मशानात गेलो. सरण ओलं होतं, पेटेना, तीन बाजूंनी माणसं फुंकत होती. मला वाटलं, असंच राहू दे. असं वाटल्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण सूड घ्यायचा तर आधी माझा लेख खोटा म्हणावा लागणार होता, आणि तो लेख माझा सर्वांत नावाजलेला लेख होता. त्याच्यावर मला सत्कार मिळाले. शाली अजून कपाटात आहेत. मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याला बहिणीची अब्रू असं नाव दिलं.

यंदा कुसुमच्या मुलाचं लग्न झालं. सून अंकिता मोप्याची, विमानतळावर नोकरीला, बोलायला मोकळी. तिचं पहिलं ओजें येणार म्हणून सदानंदाने मोठा कार्यक्रम योजला. आबांच्या नावाची फरशी तुळशीशेजारी बसवायची, स्मरणिका निघायची, आणि ज्या सुनेपासून हे सुरू झालं तिने, म्हणजे कुसुमने, दोन शब्द बोलायचे. विधवेने ओज्याला हात लावायचा नाही हे खरं, पण माईकला लावायला हरकत नाही, असं त्याने मला हसत हसत समजावलं.

मी कुसुमला फोन केला. म्हटलं, "बाय, हावं खरें बरयतां. सगळें. सदानंदाचें तोंड काळें करतां."

ती म्हणाली, "बरय. तुका वेळ मेळलो तर." आणि फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी ओजें आलंच नाही. तयेच्या आदल्या दिवशी मांडव, फलक, माणसं, सगळं तयार, आणि मोप्याहून कोणी नाही. कुसुमने व्याह्यांना परस्पर कळवलं होतं की तयेला या. सदानंद चिडला, पण पाहुण्यांपुढे काय बोलणार? "फाल्यां करूया" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, तयेला, अंकिताच्या भावाने पाटी तुळशीपुढे ठेवली. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. सदानंदाने माईकवर आबांचा आणि माझा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मग त्याने अंकिताला पुढे बोलावलं.

तिच्याआधी कुसुम उठली. सरळ पाटीकडे गेली आणि लाल कापड उचललं. बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणालीही, "अगो, तूं कशी हात लायता?" कुसुमने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने सुनेला विचारलं, "उपास आसा तुजो?"

"हय, आई."

"मगे तूं खावं नाका. उपाशी बायलेक कोणेंय खावंक घालचें न्हय." आणि नेवरी घेऊन ती सदानंदाकडे वळली. "भावजी, तुमी खावात. आदीं."

"वयनी, हें कितें? सुनेचो मान तो..."

"मान न्हय तो. तूं जनेलांतल्यान पळयतालो, तुका खबर आसा कितें तें. खा." सगळ्यांपुढे तिने त्याला पहिल्यांदाच एकेरी बोलून टाकलं.

माईक त्याच्या हातात चालूच होता. तो हसला, खाल्ली. तिने लाडू दिला. त्याने तोही खाल्ला. चकलीपाशी तो हसायचा थांबला. आणि ती एकेक जिन्नस त्याच्या हातावर ठेवत बोलत गेली. घाड्याचा कौल, सासूचं पोट, तय, प्रभाकरचा ट्रक, कपाटातला लेख. आवाज चढवला नाही. तिला माईकची गरज नव्हती, पण तो तिचं बोलणं मांडवाच्या टोकापर्यंत नेत होता आणि सदानंदाला तो बंद करायला मोकळा हात नव्हता. अंकिता सासूच्या मागे जाऊन उभी राहिली. ज्या सुनांनी गेल्या काही वर्षांत लाजत लाजत पहिला घास खाल्ला होता, त्या आपापल्या सासवांकडे बघायला लागल्या.

मला सांगितलंच पाहिजे की ते माझ्या आयुष्यातले फार सुखाचे क्षण होते. त्याच्या मिशीला खाज्याचा गूळ लागला होता, कपाळावर घाम होता, आणि तसबिरीतले आबा त्याच्या खांद्यावरून बघत होते. इतकी वर्षं मनात घोळवलेलं माझ्यापुढे घडत होतं. मी जवळजवळ टाळी वाजवणार होतो. मनात म्हटलं, आता उठून दोन शब्द बोलावे, माझी बाजूही मांडावी.

सदानंदाचं संपलं. कुसुमने पदराला हात पुसले. पाटी उचलली, कमरेवर घेतली, आणि रांगेपुढून चालत माझ्यासमोर येऊन थांबली.

मी उठू लागलो. मला वाटलं, ती मला बोलायला बोलावते आहे.

"बस," ती म्हणाली, आणि नेवरी पुढे केली.

मी इकडेतिकडे बघितलं. कोणी माझ्या मदतीला येणार नव्हतं. नेवरी ताजी होती, तुपाची, आतलं खोबरं अजून ओलं. मी चावत राहिलो. ती माझा गळा बघत उभी होती, घास खाली उतरेपर्यंत. मग तिने लाडू काढला.

"फुडलें," ती म्हणाली.